पैसे सायकलवर नव्हे, मागच्या चाकावर घाला

संपादक महोदय,

सायकलवरून लांबचा प्रवास म्हणजे आधी महागडी सायकल, हा समज पुरवण्यांतल्या लेखांनी पक्का केला आहे. फ्रेमला तडा नसेल आणि ती वाकलेली नसेल, तर जुनी लोखंडी सायकलही चालते. मोडली तरी कोणताही वेल्डर जोडून देतो. हात आखडता असेल तर खर्च मागच्या चाकावर करावा.

बसणाऱ्याचं बरंचसं वजन आणि कॅरियरवरचं सामान त्याच चाकावर येतं. स्पोक तुटतात तेही तिथलेच, बहुधा हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी, वाकवलेल्या जागी. दोष नुसत्या ओझ्याचा नसतो. सैल स्पोक प्रत्येक फेऱ्याला ढिला-घट्ट होत राहतो आणि तार मागेपुढे वाकवून तोडावी तसा एके दिवशी जातो. म्हणून चाक ३६ स्पोकचं घ्या आणि नुसता आऊट, म्हणजे चाकाची डगमग, काढून समाधान मानू नका. एकाच बाजूचे सगळे स्पोक बोटाने छेडले तर आवाज जवळपास सारखा यायला हवा. गिअरच्या सायकलीत चेनकडच्या स्पोकचा आवाज चढा येतो, तो तसाच असतो.

जादा स्पोक दोन्ही बाजूंच्या मापाचे दोन-दोन न्या. मापं बहुधा वेगळी असतात. चेनकडचा स्पोक घालायला फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चक्री, उतरवावं लागतं. मोठा पाना कुठेही मिळेल, पण तुमच्या फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारा रिमूव्हर मिळेलच असं नाही, तो जवळ ठेवा. वाटेत स्पोक तुटलाच, तर तुकडा शेजारच्या स्पोकला गुंडाळा आणि विरुद्ध बाजूचे लगतचे दोन स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल करा. रिम ब्रेकला घासायची थांबते, पुढच्या गावापर्यंत जाता येतं.

चेन मात्र वेळेवर बदला. २४ कड्या पिनपासून पिनपर्यंत १२ इंच भरतात. अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, वाढली की नवी टाकावी. एक सूत होईपर्यंत ताणली तर फ्रीव्हीलचे दातही गेलेले असतात आणि खर्च दुप्पट.

ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली, तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. कॅरियरला आत नायलॉनची कडी असलेले नट लावा, साधे खडखडाटाने सुटतात. महागड्या बॅगांऐवजी चौकोनी प्लास्टिकचे डबे चालतात. पेडल मारताना टाच लागणार नाही इतके मागे बांधा.

आपला,
एक सायकल मेकॅनिक