पेंढ्याच्या भिंतीआधी छप्पर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत पेंढ्याच्या गठ्ठ्यांनी बांधलेल्या घरांवर लेख आला. गारवा, कमी खर्च, शेतात जाळला जाणारा पेंढा कामी येणे, सगळे त्यात होते. पाण्याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. ही घरे टिकतात किंवा कुजतात ती पाण्यामुळेच.

ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत निघाली. गठ्ठे बांधणारी यंत्रे नुकतीच आली होती, लाकडाची टंचाई होती आणि जमीन रेताड. तिथे वर्षाचा पाऊस २० इंचांच्या आसपास. आपल्याकडे भंडाऱ्यात तो ५० इंच, कोकणात १०० इंचांच्या वर. तिथला नकाशा जसाच्या तसा उचलून चालणार नाही.

सुरुवात गठ्ठ्यापासून. साधारण ३६×१८×१४ इंचांचा गठ्ठा १६ किलोंहून हलका नसावा आणि दोऱ्यांना धरून उचलला तर त्याचा आकार मोडू नये. ओल वजनाच्या २० टक्क्यांच्या आत हवी, १५ असेल तर उत्तम. ओलावामापकाची सळई गठ्ठ्याच्या पोटात खुपसूनच मोजावे, कारण वरून कोरडा दिसणारा गठ्ठा आतून काळा पडलेला असू शकतो. थ्रेशरमधून निघालेल्या गव्हाच्या भुशाचा असा गठ्ठा होत नाही, त्याला लांब काडी लागते. भाताच्या पेंढ्यात सिलिका (वाळूत असते ते द्रव्य) जास्त, म्हणून तो कुजायला वेळ घेतो. आपल्याकडे तोच योग्य. (ज्वारीचा कडबा भिंतीत घालायचा म्हटले तर गोठ्यातली जनावरेही हसतील.) काडीत दाणे राहिले तर उंदीर आलेच.

जोते दगडाचे किंवा जांभ्याचे, जमिनीपासून किमान दीड फूट. पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून उडते, ते खालच्या थराला लागता कामा नये. जोत्यावर ओलरोधक थर, त्यावर दोन समांतर लाकडी पट्ट्या, मधल्या जागेत खडी आणि मग गठ्ठे, विटांसारखे सांधे मोडून. अर्धा गठ्ठा लागला तर लांब दाभणाने नवी दोरी ओवून, ती आवळल्यावरच जुनी कापावी. वाळवी जोत्यावरूनच चढते. तिथे पत्र्याची बाहेर आलेली पट्टी बसवली की वाळवीच्या मातीच्या वाटा लगेच नजरेस पडतात. न्हाणीघराच्या आणि मोरीच्या भिंतींत गठ्ठे घालूच नयेत. तिथे वीट किंवा जांभा.

सगळ्यात जास्त भिंती कुजतात त्या खिडकीखाली. खिडकीच्या तळाला बाहेर उतार हवा, तो भिंतीपुढे दोन इंच यावा आणि त्याच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच हवी. त्याखाली ओलरोधक कापडही हवे. यातले एक जरी राहिले तरी पाणी गठ्ठ्याच्या पोटात उतरते आणि वरून काहीच कळत नाही.

गिलाव्यात गवंडी हमखास सिमेंट सुचवतो. सिमेंटला केसासारख्या भेगा पडतात, पाऊस त्यांतून आत शिरतो आणि आत आलेली वाफ मात्र बाहेर पडत नाही. जुन्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींना सिमेंट फासल्यावर लोणा लागतो, तो याच कारणाने. पेंढ्यावर पहिला हात पातळ चिकणमातीचा, काडीत दाबून जिरवलेला. दुसरा एक भाग चिकणमाती, दोन ते तीन भाग वाळू आणि बोटभर चिरलेल्या काडीचा. आधी फूटभर चौकोनात नमुने लावून सुकू द्यावेत: भेगा पडल्या तर वाळू आणि काडी वाढवावी, हाताला भुगा लागला तर माती. काळी माती चालत नाही, ती ओलीने फुगते आणि वाळताना तडकते. शेवटचा हात मुरवलेल्या चुन्याचा, एकास तीन वाळू, आणि तो आठवडाभर ओलसर ठेवावा. कळीचा चुना विरवताना डोळ्यांवर गॉगल असलाच पाहिजे. गिलावा कपाटामागे आणि आतल्या छताच्या वर जाणाऱ्या भिंतीवरही पूर्ण हवा. पूर्ण गिलावा केलेली भिंत आगीला चांगली तोंड देते, धोका असतो तो बांधकाम चालू असताना इकडेतिकडे पडलेल्या सुट्या पेंढ्याचा.

एक कटू गोष्ट. मराठवाडा-विदर्भात घर तापते ते प्रामुख्याने छपरामुळे. वर उघडा पत्रा ठेवून खाली दीड फुटी पेंढ्याच्या भिंती उभारणे म्हणजे पैसे वाया. पहिला खर्च छपराच्या उष्णतारोधनावर आणि अडीच-तीन फुटी वळचणीवर करावा.

मातीच्या घरांवरचा लोकांचा विश्वास ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने उडाला, हे समजण्यासारखे आहे. पण तिथे माणसे चिरडली ती मातीत रचलेल्या, आरपार बांधदगड नसलेल्या दुहेरी दगडी भिंती आणि वरचे जड माळवद (मातीचे सपाट छप्पर) कोसळून. मातीच्या घरांसाठी त्याच वर्षीचे भारतीय मानक आयएस १३८२७ आहे. हलके छप्पर, भिंतीला सलग आडवा पट्टा, दारे-खिडक्या १.२ मीटरपर्यंतच, हे त्यातले नियम. पेंढ्याच्या घरालाही लाकडी किंवा बांबूचा सांगाडा, त्यावर हलके छप्पर आणि मध्ये भरण म्हणून गठ्ठे, हीच रचना आपल्याकडे योग्य.

सांगाड्याचा आणखी एक फायदा म्हणजे छप्पर आधी चढते. भात कापणीनंतर पेंढा नीट वाळू द्यावा, गठ्ठे छपराखाली फळ्यांवर रचावेत, भिंती डिसेंबर-जानेवारीत उभ्या कराव्यात. मातीचे दोन्ही हात फेब्रुवारीअखेर संपवले, तर चुन्याचा हात उन्हाची काहिली वाढण्याआधी होतो आणि पहिल्या वळवापर्यंत भिंत पूर्ण वाळलेली असते.

आपला,
एक वाचक (स्थापत्य अभियंता), लातूर