पूरविम्याचा कायदा करा, पण पैशांची सोय त्याच कायद्यात हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. गाळ उपसून दुकाने पुन्हा उघडली, पण भरपाईचा प्रश्न सुटलेला नाही. सरकारने तेव्हा दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये जाहीर केले. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांनाही हीच मर्यादा होती. कापडाच्या किंवा औषधांच्या दुकानात एकेका कपाटात त्याहून जास्त माल असतो. पंचनाम्याला आलेले कर्मचारी खरेदीची बिले मागत होते आणि बिलांच्या फायली त्याच दुकानात चिखलाचा लगदा होऊन पडल्या होत्या.

शेतकऱ्याच्या पीकविम्याला केंद्र आणि राज्य मिळून हप्त्याचा मोठा वाटा देतात. दुकानदार, टपरीवाला, भाडेकरू यांच्यासाठी तसे काहीच नाही. खासगी पॉलिसी मिळते, पण नदीकाठच्या छोट्या दुकानदाराला ती स्वतःहून कोणी समजावून सांगत नाही. घरे आणि दुकाने यांच्यासाठी सरकारी पूरविमा हवा आणि त्यासाठी राज्याने कायदा करावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

मात्र नुसती योजना काढून भागणार नाही, हे अमेरिकेत दिसले आहे. तिथे १९६८ पासून राष्ट्रीय पूरविमा आहे. नदीकाठच्या जुन्या घरांचे हप्ते जोखमीच्या मानाने फार कमी ठेवले आणि तूट कोण भरणार हे ठरवलेच नाही. २००५ मध्ये कॅटरिना वादळ आले, तेव्हा दावे भागवायला सरकारी तिजोरीतून अब्जावधी डॉलर उसने घ्यावे लागले. २०१२ च्या कायद्याने हप्ते वाढवले. लोकांचा रोष एवढा झाला की दोनच वर्षांत बरीचशी वाढ मागे घेतली. २०१७ मध्ये १६ अब्ज डॉलरचे कर्ज माफ केले, तरी २० अब्जांहून जास्त शिल्लक राहिले. २०१७ पासून तर या योजनेचा कारभार तिथल्या संसदेने दिलेल्या थोड्या थोड्या मुदतवाढीवरच चालला आहे. २०२५ च्या सप्टेंबरअखेर मुदत संपली आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नव्या पॉलिसी देणेच थांबले.

म्हणून आपल्याकडे राखीव निधीची रक्कम दरवर्षी अर्थसंकल्पात घालणे कायद्यानेच बंधनकारक करा. पूर आला नाही त्या वर्षीची शिल्लक दुसरीकडे वळवता येऊ नये. हप्ता निळ्या आणि लाल पूररेषेप्रमाणे, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे नकाशावर दाखवणाऱ्या रेषांप्रमाणे, ठरावा. त्या रेषांबद्दल चिपळुणात नाराजी आहे, हे मी जाणतो. पण जोखीम लपवून स्वस्त ठेवलेला विमा पुढे कर्जात जातो. ज्यांना खरा हप्ता परवडत नाही, त्यांचा वाटा सरकारने उघडपणे, अनुदान म्हणून भरावा. आणि अटींमध्ये बिलांऐवजी जीएसटी विवरणपत्र किंवा बँकेला दिलेले मालाचे विवरण चालावे.

याच निधीतला ठरावीक हिस्सा नदीतला गाळ काढण्यासाठी ठेवावा. पूर ओसरल्यावर त्या कामासाठीही चिपळूणकरांना साखळी उपोषणाला बसावे लागले होते. रत्नागिरी, सांगली, कोल्हापूरच्या आमदारांनी पक्ष न बघता हे विधेयक येत्या अधिवेशनात मांडावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, चिपळूण