तारकर्लीच्या स्कूबा सरावाच्या तलावात आमच्या मुलींनाही उतरू द्या

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

मी मालवण तालुक्यात शाळेत शिकवते. माझी आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरायची, तेव्हा समुद्र आपल्या घरचाच असं मी धरून चालले होते. चाळिशी ओलांडल्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पहिल्यांदा पाण्याखाली गेले. प्रवाळ पाहिलं, त्यात शिरणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे पाहिले, आणि त्याच प्रवाळाला आवळून बसलेलं तुटक्या जाळ्याचं भेंडोळंही पाहिलं. वर आल्यावर विचारलं, हे कोणी काढत का नाही? पर्यटकांच्या फेऱ्यांतून सवड कुठे मिळते, असं उत्तर आलं. ते खरंच असणार. त्या बोटीवर पाण्यात उतरणारी एकही मुलगी नव्हती, हेही त्याच दिवशी डोळ्यांत भरलं.

तेव्हापासून मी वर्गात सिल्व्हिया अर्ल यांची गोष्ट सांगते. 1935 साली अमेरिकेत जन्मलेल्या या सागरी वनस्पतींच्या अभ्यासक. 1964 मध्ये आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसाठी ‘अँटोन ब्रून’ जहाजावर त्या मोंबासाहून चढल्या, तेव्हा जहाजावर 70 पुरुष आणि बाई ही एकटी. तिथल्या वर्तमानपत्राला बातमी दिसली ती एवढीच! याच मोहिमेतून पुढे 1966 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, तिचं मुख्यालय आज गोव्यात आहे. म्हणजे ज्या महासागराचं पाणी आमच्या मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्याला लागतं, त्यातच या बाईंची पहिली मोठी सफर झाली. मुलींना हे सांगितलं की त्या सरसावून बसतात.

पुढची गोष्ट मात्र मला आपल्यालाच सांगायची आहे. समुद्राच्या तळाशी राहून संशोधन करण्याच्या ‘टेक्टाइट’ प्रकल्पासाठी त्यांनी अर्ज केला. पाण्याखालचे हजाराहून जास्त तास गाठीशी होते, तरी पुरुषांबरोबर बाईने तिथे राहायचं हे आयोजकांना पटेना. अखेर 1970 मध्ये फक्त बायकांची वेगळी तुकडी नेमली गेली. चार शास्त्रज्ञ, एक अभियंता, आणि नेतृत्व अर्ल यांचं. व्हर्जिन बेटांजवळ सुमारे 50 फूट खोल त्या दोन आठवडे राहिल्या, रोज बाहेर पडून मासे आणि शेवाळं यांचं नातं टिपत राहिल्या. 1979 मध्ये हवाईजवळ खास पोशाख घालून त्या 381 मीटर खोल तळावर चालल्या. 1990 मध्ये अमेरिकेच्या सागरी आणि वातावरणीय प्रशासनाच्या मुख्य शास्त्रज्ञ झाल्या, तिथवर पोचलेल्या पहिल्या महिला. त्यानंतरचं आयुष्य त्यांनी समुद्राचे तुकडे राखून ठेवण्यासाठी वेचलं. अशी कर्तबगारी एका नकारापाशीच थांबली असती.

साहेब, तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची (एमटीडीसी) स्कूबा डायव्हिंग संस्था आहे. तिथे सरावाचा तलाव आहे, शिक्षक आहेत. 26 मे ते 31 ऑगस्ट आमच्याकडे पाण्यातले खेळ बंद असतात. या तीन महिन्यांत मच्छीमार घरांतल्या, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या वीस मुलींना विनाशुल्क घ्या. पावसाळ्यात वर्ग आणि तलाव, ऑक्टोबरपासून खुला समुद्र. शुल्काचा आकडा ऐकूनच आमच्या मुली मागे फिरतात, भीतीने नव्हे.

शिकल्यावर त्यांना काम हवं, नाहीतर प्रमाणपत्र भिंतीवर लटकेल. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं. आपल्या पोटावर पाय येईल या धास्तीने मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केला, आणि ती धास्ती मी माझ्या घरात ऐकलेली आहे. बाहेरून आलेल्या माणसाने प्रवाळाचा अहवाल दिला तर किनारा ऐकत नाही. स्वतःच्या लेकीने सांगितलं की नांगर कुठे लागतो, जाळं कुठे अडकतं, तर बाप निदान जेवताना ऐकून घेतो. बायका पाण्यावरचं काम कसं पेलतात हे पाहायचं तर, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवन सफर चालवतात, त्यांच्या होडीत बसून या एकदा.

वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी बोलून या मुलींना प्रवाळाच्या नोंदी आणि अडकलेली जाळी काढण्याचं मानधनाचं काम द्यावं. निवतीजवळ नौदलातून निवृत्त झालेलं ‘आयएनएस गुलदार’ जहाज बुडवून कृत्रिम प्रवाळ उभं करण्याचा प्रकल्प आपल्याच खात्याचा आहे. त्या जहाजावर काय उगवतं, कोण राहायला येतं, हे दरवर्षी मोजायला माणसं लागणारच आहेत.

माझ्या वर्गातून बाहेर पडलेल्या सहा मुली तयार आहेत. त्यांच्या आयांची संमती मी घरोघर जाऊन घेतली आहे. अर्ज कोणाकडे द्यायचा, तेवढं कळवावं.

आपली नम्र,
मालवण तालुक्यातील एक शिक्षिका