मतदार नोंदणीसाठी घणसोलीत दारोदार फिरणाऱ्या त्या पोरापोरींना, आमच्या आईकडून आणि माझ्याकडून

नमस्कार मुलांनो,

तुमची पूर्ण नावं मला माहीत नाहीत, तुम्ही कधी सांगितलीच नाहीत, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. 15 जानेवारी 2026 ला नवी मुंबई महापालिकेचं मतदान करून आई घरी आली आणि तेव्हापासून रोज तुमचा विषय निघतो, आता आभार मानल्याशिवाय मला राहवत नाहीये.

आमचे बाबा माथाडी कामगार, वाशीच्या मार्केटमध्ये सगळी हयात गेली. पण आईचं मतदार यादीतलं नाव कायम साताऱ्याकडच्या गावीच. बाबा होते तोवर दोघं मतदानाला गावी जायचे, बाबा गेले आणि तेही बंद झालं. नाव इकडे आणायला ऑफिसात गेलो तर या टेबलावरून त्या टेबलावर, कोणी धड मान वर करून बोललं नाही. मग एका पक्षाचा माणूस घरी येऊन कागद घेऊन गेला, काम झालं समजा म्हणाला. मे 2024 ला लोकसभेला आई भर उन्हात रांगेत उभी राहिली आणि आत गेल्यावर कळलं की यादीत नावच नाही. तो माणूस नंतर फोन उचलेना. आई काही बोलली नाही, पण तिला फार लागलं होतं.

आणि मग पावसाळ्यात तुम्ही आलात. खरं सांगते, मी दारातूनच वाटेला लावणार होते. पण तुम्ही पहिलंच वाक्य बोललात की आम्ही कुठल्या पक्षाचे नाही, मत कोणाला द्यायचं ते आम्ही विचारणार पण नाही आणि सांगणार पण नाही. गावचं नाव इकडे आणायला 8 नंबरचा फॉर्म लागतो, दोन ठिकाणी नाव ठेवायचं नसतं, हे तुम्ही पाच मिनिटांत सांगितलंत, इतकी वर्षं हे आम्हाला कोणी का सांगितलं नाही?

पण मला जे आयुष्यभर लक्षात राहील ते वेगळंच आहे. तुमच्यातला तो चष्मेवाला मुलगा, त्याच्याकडून फॉर्म घ्यायला मी हात पुढे केला, तर तो म्हणाला, "ताई, मत काकूंचं आहे ना, मग काकूंशीच बोलतो." आणि सरळ आईसमोर फरशीवर बसला. तिलाच सगळं विचारलं, तिलाच वाचून दाखवलं. आई सही करते पण एकेक अक्षर जुळवत, बँकेत लोक मागून घाई करतात म्हणून ती अंगठाच देते. हा पोरगा फॉर्मचा कागद धरून शांत बसून राहिला, पेन पुढे सरकवलं नाही की घड्याळ बघितलं नाही, "सावकाश काकू, मी थांबतो" एवढंच. पूर्ण सही झाली, आडनावासकट. पोचपावती पण तिच्याच हातात दिली. बाबा गेल्यापासून कुठलाही कागद तिच्या हातात कोणी दिला नव्हता हो, सगळं माझ्याकडे नाहीतर भावाकडे. तिचा चेहरा मी बघितलाय त्या दिवशी.

त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला विधानसभेला तिने इथे पहिल्यांदा मत दिलं. आणि आत्ता महापालिकेला तुम्ही परत आलात. 2015 नंतर इकडे पालिकेची निवडणूकच नव्हती, 2020 पासून नगरसेवक नव्हते, पाण्याचं रडगाणं कोणाकडे गायचं तेच कळत नव्हतं. त्यात यावेळी पॅनेल, म्हणजे एका प्रभागात अ ब क ड अशा चार जागा, एका मताच्या जागी चार. तुम्ही पुठ्ठ्यावर अ ब क ड काढून आमच्या चाळीतल्या सगळ्या बायकांना जिन्यातच समजावलंत, तेही त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून. शेजारच्या सतरा वर्षांच्या पोरीला पण सांगितलंत की अर्ज आधीच भरून ठेवता येतो. प्रचारवाल्यांना आमच्या चाळीत फक्त मतं दिसतात, तुम्हाला माणसं दिसली. असं सरळ, चांगलं वागायला पद लागत नाही, पैसा लागत नाही, तरी इतकं दुर्मिळ का झालंय कोण जाणे.

आईने तुम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलंय, चष्मेवाल्याला खास. आणि मला रविवारी सुट्टी असते. मागच्या गल्लीत भाड्याने राहणारी बरीच कुटुंबं आहेत ज्यांची नावं अजून गावालाच आहेत, तिकडे जाल तेव्हा मला हाक मारा, मी येते तुमच्याबरोबर.

तुमची,
घणसोलीची एक ताई