हॅम रेडिओ क्लबची खबरबात आणि तुझ्या संचासाठी अँटेनाची तार

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. नव्या घरात सामान लागले, पण हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, संच अजून खोक्यातून बाहेर निघालेला नाही आणि अँटेनाला पुरेशी जागा मिळेल असे वाटत नाही, हे वाचून मला राहवले नाही. त्याविषयी पुढे सविस्तर लिहितो. तू क्लबची खबरबात मागितली आहेस ती आधी देतो, आणि तीही त्या विषयाला धरूनच आहे, कारण सध्या क्लबात जे काही चालले आहे त्यामागे एकच खटपट आहे: परवाना मिळवून गप्प बसलेल्या माणसांना फ्रिक्वेन्सीवर आणायचे.

तू इथे होतास तेव्हाच ही गोष्ट जाणवू लागली होती. परीक्षा देणारे वाढले, उत्तीर्ण होणारेही वाढले. कॉल साइन, म्हणजे परवान्यासोबत मिळणारे ओळखचिन्ह, हाती पडली की उत्साहाने हातात धरायचा हँडहेल्ड संच घेतला जातो, रिपीटरवर (दुबळा सिग्नल पकडून पुन्हा प्रसारित करणाऱ्या केंद्रावर) दोन-चार वेळा आवाज ऐकू येतो आणि मग तो ऐकू येईनासा होतो. ही माणसे आळशी आहेत असे मला अजिबात वाटत नाही. अनोळखी माणसाशी काय बोलायचे, हाक दिली आणि कोणी उत्तर दिले नाही तर काय करायचे, बोलताना गडबड झाली तर सगळे ऐकत असतील, हा संकोच खरा असतो आणि तो अभ्यासक्रमातल्या कोणत्याही धड्याने जात नाही.

म्हणून साप्ताहिक नेटची, म्हणजे ठरल्या वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर भरणाऱ्या मेळाव्याची, पद्धत आम्ही बदलली. पूर्वी नेट कंट्रोल, म्हणजे सूत्रसंचालक, म्हणून ठरलेले दोघे-तिघे ज्येष्ठ सभासदच असत. आता दर आठवड्याला नेट एका नवशिक्याच्या हाती दिले जाते आणि अनुभवी सभासद त्याच्या शेजारी बसतो, मात्र माइकला हात लावत नाही. सुरुवातीला तातडीचा निरोप कोणाकडे आहे का हे विचारायचे, मग हजेरी घ्यायची, प्रत्येकाला क्रमाने बोलवायचे, दोघांच्या बोलण्यामध्ये तीन-चार सेकंद मोकळे सोडायचे म्हणजे कोणाला मध्ये यायचे असेल तर वाव मिळतो, आणि ज्याचा आवाज तुटतो आहे त्याला ते स्पष्टपणे सांगायचे. ही कामे कागदावर किरकोळ दिसतात. पण एकाच वेळी दोघांनी बटण दाबले, रिपीटरवर नुसती शिट्टी उमटली, आणि त्यातून निसटत्या ऐकू आलेल्या एका अक्षरावरून (के या अक्षराला रेडिओवर किलो म्हणतात) "ज्यांच्या कॉल साइनच्या शेवटी किलो आहे त्यांनी पुन्हा बोलावे, बाकीच्यांनी थांबावे" असे न गडबडता सांगता आले, की त्या दिवसापासून तो माणूस क्लबचा झाला असे समजावे. परवा एका महाविद्यालयीन मुलाने नेट चालवले. पहिली पाच मिनिटे त्याचा आवाज कापत होता आणि शेवटी तोच एका ज्येष्ठ सभासदाला "आपली वेळ संपत आली आहे" असे अदबीने सांगत होता. मला फार आनंद झाला.

महिन्यातून एकदा रिपीटर न वापरता हेच नेट सिम्प्लेक्सवर, म्हणजे थेट संचावरून संचावर, घेतो. रिपीटर उंचावर असल्यामुळे प्रत्येकाला आपला संच उत्तम चालतो असे वाटत असते. सिम्प्लेक्सवर खरी स्थिती कळते. कोण कोणाला थेट ऐकू शकतो आणि कोणाचा निरोप मधल्या कोणाकडून पुढे जाऊ शकतो, याचा तक्ता आम्ही दर महिन्याला भरतो आणि त्याचा उपयोग आपत्कालीन सरावात होतो. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा प्रसारणाच्या मोहिमेसाठी काही हॅम (हौशी रेडिओचालक) आधीपासूनच अंदमानात संच लावून बसले होते आणि बाकी संपर्क तुटलेला असताना त्यांच्यामार्फत निरोप बाहेर गेले, हे आपण दोघांनीही अनेकदा एकमेकांना सांगितले आहे. तेव्हा उपयोगी पडली ती रोज संच चालवणाऱ्यांची तयारी, आणि नव्या सभासदांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

यंदाच्या सरावात रिपीटर बंद पडला आहे, मोबाइल नाही आणि वीजही नाही, असे गृहीत धरले होते. प्रत्येक निरोप ठरलेल्या नमुन्यात लिहायचा होता: क्रमांक, निकड, मूळ केंद्र, शब्दसंख्या, वेळ, तारीख आणि मग मजकूर. घेणाऱ्याने शब्द मोजायचे आणि संख्या जुळली नाही तर पुन्हा मागायचे. देणाऱ्याने बोलण्याच्या वेगाने न देता लिहिण्याच्या वेगाने द्यायचे, ही शिस्त अंगी बाणायला सर्वांत जास्त वेळ लागला. आकड्यांच्या बाबतीत तर मराठीत आपल्याला विशेष जपावे लागते. खरखरीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक ओळखू येत नाही, म्हणून आता सगळे "पाच नऊ" आणि "सहा नऊ" असे सुटे आकडेच बोलतात. औषधाच्या मात्रेचा एक निरोप तीन केंद्रांच्या मार्फत फिरून आला आणि मूळ कागदाशी अक्षरशः जुळला. वेळ बराच लागला, पण माझ्या मते तो योग्य कारणी लागला. चुकीचा निरोप लवकर पोहोचण्यात काय हशील?

आता फॉक्स हंटिंगविषयी, म्हणजे लपवलेले ट्रान्समीटर शोधण्याच्या खेळाविषयी. तुला हे सर्वांत आवडत असे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या धर्तीवर या वेळी आम्ही पाच ट्रान्समीटर लपवले होते. एकच फ्रिक्वेन्सी, प्रत्येकाने पाळीपाळीने एक मिनिट पाठवायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा पहिल्याची पाळी. मोर्समध्ये एम आणि ओ ही अक्षरे, आणि त्यांच्यापुढे पहिल्याला एक टिंब, दुसऱ्याला दोन, असे पाचव्यापर्यंत पाच. त्यामुळे मोर्स न येणाऱ्यालाही टिंबे मोजून आपण कोणत्या ट्रान्समीटरच्या मागे आहोत हे कळते. १४४ मेगाहर्ट्झसाठी पीव्हीसी नळीवर पोलादी मोजपट्टीच्या फितीचे तुकडे बसवून तीन एलेमेंटच्या (आडव्या दांड्यांच्या) यागी, म्हणजे एका दिशेचा सिग्नल जास्त पकडणाऱ्या, अँटेना सभासदांनी स्वतः केल्या. झाडीतून जाताना फीत वाकते आणि पुन्हा सरळ होते, हा तिचा मोठा फायदा.

एका शाळकरी मुलीकडे मात्र यागी नव्हती, नुसता हँडहेल्ड होता. तिला कोणीतरी शिकवले होते त्याप्रमाणे संच छातीशी घट्ट धरून ती जागच्या जागी हळूहळू वळत होती. आपल्या शरीराने लहरी अडतात. ज्या दिशेला पाठ असताना संचावरचा सिग्नलचा मीटर सर्वांत खाली येतो, त्या दिशेला ट्रान्समीटर असतो. अशा पाठमोऱ्या दिशा घेत घेत ती तिसऱ्या ट्रान्समीटरच्या अगदी जवळ पोहोचली आणि तिथे नेहमीची पंचाईत झाली: कोणत्याही बाजूला वळले तरी मीटर पूर्ण भरलेला. मग तिने अँटेना काढून टाकली आणि फ्रिक्वेन्सी थोडी बाजूला सरकवली, म्हणजे संचाला मुद्दाम बहिरे केले, आणि पुन्हा वळायला लागली. एका जागी सुई किंचित हलली. तेवढ्यावरून ती दगडांच्या रचलेल्या ओळीकडे गेली आणि पालापाचोळ्याखाली हात घालून डबा बाहेर काढला. महागडी उपकरणे घेऊन आलेले दोघे तेव्हा पत्र्याच्या शेडवरून परावर्तित झालेल्या सिग्नलमागे उलट्या दिशेने निघाले होते. त्या मुलीने आता परीक्षेची तयारी सुरू केली आहे.

मोर्सचा वर्गही चालू आहे. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर परवान्यासाठी मोर्सची अट आंतरराष्ट्रीय पातळीवर राहिली नाही आणि ती लागू ठेवायची की नाही हे प्रत्येक देशावर सोपवले गेले. तरीही वर्गाला जागा अपुरी पडते. अक्षर वेगातच पाठवायचे आणि दोन अक्षरांमधले अंतर वाढवायचे, म्हणजे शिकणारा टिंबे-रेषा मोजत बसत नाही आणि अक्षराचा नाद ओळखतो, या पद्धतीने शिकवतो.

एफटी८ या संगणकामार्फत संदेश देण्या-घेण्याच्या पद्धतीवरून मात्र क्लबात मतभेद आहेत. नोबेल मिळवलेल्या जो टेलर यांनी स्टीव्ह फ्रँक यांच्याबरोबर २०१७ मध्ये ही पद्धत आणली आणि कानाला अजिबात ऐकू न येणारे सिग्नल संगणक त्यातून उलगडतो, हे मला आजही अद्भुत वाटते. छोटी अँटेना असलेल्यांना तिने जग खुले करून दिले. तरीही पंधरा-पंधरा सेकंदांच्या त्या देवाणघेवाणीत कॉल साइन, ठिकाणाचा सांकेतिक चौकोन आणि सिग्नलचा आकडा यांपलीकडे फारसे काही नसते. नव्या सभासदाने आधी नेटवर बोलायला शिकावे आणि मग तिकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे आणि ते मी सभेतही मांडले.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाची बातमी राहिलीच. स्थानकावरच्या हॅम रिपीटरचा आवाज शाळेतल्या मुलांना ऐकवला. तो ४३७.८०० मेगाहर्ट्झवर उतरतो, पण स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असल्याने डॉप्लर परिणामामुळे ते क्षितिजावर आले की संच ४३७.८१० वर ठेवावा लागतो आणि माथ्यावरून पलीकडे जाईपर्यंत हळूहळू ४३७.७९० पर्यंत उतरवावा लागतो. ते बटण फिरवण्याचे काम आम्ही मुलांकडेच दिले होते. दहा मिनिटांत सगळे आटोपते. १२ डिसेंबर १९६१ रोजी हॅमनी तयार केलेला पहिला उपग्रह ऑस्कर-१ कक्षेत गेला आणि तो मोर्समध्ये फक्त "हाय" एवढेच पाठवत होता, हे सांगितल्यावर मुलांनी ते लगेच टाळ्यांनी वाजवून पाहिले: चार टिंबे, दोन टिंबे.

आता तुझ्या संचाकडे येतो. तुझ्या-माझ्यात सुमारे तीनशे किलोमीटरचे अंतर आहे. २० मीटर तरंगलांबीच्या बँडवर आपली भेट अवघड आहे, कारण तिथला सिग्नल आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून येतो तो तुझ्या डोक्यावरून पुढे निघून जातो. दिवसा आपल्यासाठी ४० मीटर बँड उत्तम, आणि त्यासाठी तार फार उंच नको हे तुझ्या पथ्यावरच पडेल. पाच-सहा मीटर उंचीवरची डायपोल, म्हणजे मधोमध जोडणी असलेली दोन समान बाजूंची तार, बरीचशी ऊर्जा सरळ वर पाठवते आणि ती आयनांबरावरून आजूबाजूच्या काहीशे किलोमीटरांत परत उतरते. दूर देशांसाठी जी अँटेना कमी पडते ती आपल्यासाठी नेमकी योग्य आहे. १४३ ला मेगाहर्ट्झने भागले की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते, म्हणजे ७.१ साठी सुमारे २०.१४ मीटर, प्रत्येक बाजूला दहा मीटरच्या किंचित वर. सुरुवातीला तार थोडी जास्तच ठेव. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ऊर्जा परत फिरते याचे माप) सर्वांत कमी ६.९५ ला दिसला तर तार लांब आहे असे समजून दोन्ही टोके वीस-वीस सेंटिमीटर मागे दुमडून पीळ दे, कापू नकोस. पुन्हा लांब करायची वेळ आली तर पीळ सोडता येतो.

जागेची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. मध्यभाग एका काठीवर उंच घे, दोन्ही बाजू उतरत्या सोड आणि जिथे गच्ची संपते तिथून उरलेली टोके खाली वळव. विद्युतप्रवाह मध्याजवळ जास्त असतो आणि प्रसारणाचे मुख्य काम तोच भाग करतो, त्यामुळे टोके वाकल्याने फार नुकसान होत नाही. टोकांशी व्होल्टेज मात्र जास्त असते, तेव्हा ती कोणाच्या हाताला लागणार नाहीत अशी बांध, आणि विजेच्या तारांपासून सगळेच दूर ठेव. शंभर वॉटची गरज नाही. क्षेत्रदिनाला (फील्ड डेला) आम्ही उघड्यावर बॅटरीवर पाच वॉटने काम केले; शंभर आणि पाच यांतला फरक १३ डेसिबलचा, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर दोन एस एककांपेक्षा (सिग्नलच्या जोराच्या पायऱ्यांपेक्षा) थोडा जास्त. तुझा सिग्नल नऊऐवजी सातचा आला तरी मला प्रत्येक शब्द कळेल.

रविवारी सकाळी साडेआठला ७.०९० मेगाहर्ट्झवर मी ऐकत असेन. तिथे आधीच कोणी बोलत असेल तर पाच किलोहर्ट्झ वर सरक, मीही तसेच करीन. अर्धा तास थांबेन आणि दर पाच मिनिटांनी तुझ्या कॉल साइनने हाक देईन. तोपर्यंत बालन (तार आणि केबल जुळवणारा जोड) मिळाला नाही तर फीडपॉइंटजवळ, म्हणजे तारेला केबल जोडतात तिथे, कोॲक्स केबलचीच काही वेटोळी करून बांध, तेवढ्याने सध्या भागेल. तार या रविवारी चढणार नसेल तर कळव, म्हणजे पुढचा रविवार धरू.

घरी सर्वांना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
मित्र