साडेसातशे किलोंच्या ट्रेलरला कागदावर जागा द्या: परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: कुटुंबाच्या वापराच्या कॅम्पिंग ट्रेलरची नोंदणी, जोडणी, ब्रेक आणि मुक्कामाच्या सोयी

महोदय,

केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत बिगर-परिवहन वाहनांची यादी आहे आणि तीत ‘खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर’ हा प्रकार स्पष्ट लिहिलेला आहे. राज्याच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणातही एका अॅक्सलच्या कॅराव्हॅनपासून घडीच्या आणि तंबूच्या ट्रेलरपर्यंतचे प्रकार आहेत. म्हणजे नवा कायदा कोणी मागत नाही. तरी एखाद्या कुटुंबाने कारमागे ओढायचा लहान ट्रेलर बांधून घेतला, की त्याची नोंदणी मालवाहू ट्रेलर म्हणून होणार, की इंजिन असलेल्या मोटर कॅराव्हॅनचे निकष त्याला लावणार, हे आधी कोणीच छातीठोकपणे सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. तेव्हा नोंदणी नाही तर विमा नाही, आणि विमा नाही तर मागच्या दुचाकीस्वाराला धक्का लागल्यावर भरपाई कोणाकडे मागायची, हा प्रश्न उरतो.

आमचं म्हणणं एवढंच: परिवहन आयुक्तांनी एक परिपत्रक काढावं, आणि त्यात अशा गोष्टी तपासायला सांगाव्यात ज्यांच्यामुळे ट्रेलर खरोखर उलटतो. आज गाडीच्या मागच्या हुकवरून दंड होतो, पण ट्रेलरचं वजन कोणी विचारत नाही.

वजनापासूनच सुरुवात करू. एकूण भारित वजन ७५० किलोंपर्यंत असलेला ट्रेलर आपल्याकडे टी-१ वर्गात येतो, त्यापुढे साडेतीन टनांपर्यंत टी-२. कुटुंबाच्या ट्रेलरने टी-१ मध्येच राहावं, पण ते सोपं नाही. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये फॅब्रिकेटर चासी नेटकी करतो आणि मग आतलं काम घराच्या फर्निचरवाल्याकडे जातं. तो सवयीने १९ मिलिमीटरचं प्लाय आणि वर सनमायका लावतो. आठ बाय चारची एक शीट ३५ ते ४० किलोंची. अशा सात-आठ शीट गेल्या की पाणी, गॅस, गाद्या चढायच्या आधीच अडीच-तीनशे किलो संपले. त्याऐवजी बाहेरून फायबरचं एकसंध कवच, आत ६ ते ९ मिलिमीटरचं हलकं प्लाय आणि अॅल्युमिनियमची चौकट वापरली तर रिकामा ट्रेलर सव्वापाचशे किलोंच्या आसपास बसवता येतो. उरलेल्या सव्वादोनशेत ६० लिटर पाणी, एसी असल्यास त्याचे २५-३० किलो, बॅटरी, सिलिंडर, भांडी, अंथरुणं आणि ओसरीचा तंबू. काटा हाच खरा साक्षीदार. म्हणून नोंदणीच्या वेळी रिकाम्या आणि भरलेल्या वजनाच्या अशा दोन काटापावत्या मागाव्यात आणि ओढदांडीवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांडीवर, धातूची पट्टी सक्तीची करावी. तिच्यावर एकूण वजन, अॅक्सलची क्षमता, टायरचा आकार व हवा आणि जोडावर पडणारा कमाल भार कोरलेला असावा.

हा शेवटचा आकडा, जोडावरचा भार, आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. ट्रेलर सपाटीवर उभा असताना त्याचं तोंड गाडीमागच्या, ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर जेवढं दाबतं तो हा भार. एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवतात, म्हणजे ७५० किलोंना साधारण ३८ ते ५३ किलो. मोजायला यंत्र लागत नाही. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवायचा, त्यावर लाकडाचा ओंडका उभा करून जोडाचं तोंड गाडीच्या गोळ्याच्याच उंचीवर टेकवायचं आणि पुढचं टेकूचं चाक वर घ्यायचं. ट्रेलर पूर्ण भरलेला हवा, रिकाम्या ट्रेलरवर घेतलेल्या मापाला अर्थ नाही.

भार कमी पडला तर काय होतं याचा हिशोब सोपा आहे. जोड ते अॅक्सल हे अंतर ३ मीटर आणि पाण्याची ६० लिटरची टाकी अॅक्सलच्या १ मीटर मागे असेल, तर टाकी भरताच जोडावरचा भार २० किलोंनी घटतो. ४५ चे २५ होतात. वर मागच्या बाजूला सायकली टांगल्या तर उरलेलाही जातो. मग तोंड हलकं झालेला ट्रेलर ताशी सत्तर-ऐंशीला, शेजारून ट्रक गेला की त्या वाऱ्याच्या झोताने शेपूट हलवू लागतो. एक झोका दुसऱ्याला वाढवतो आणि चालक घाबरून ब्रेक दाबतो, जे नेमकं करायचं नसतं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर त्याचं सगळं वजन पुढे गाडीवर ढकललं जातं आणि गाडी आडवी होते. झोका सुरू झाला तर अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, त्याच्या मागे डावं-उजवं करायचं नाही आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. पाण्याची टाकी अॅक्सलच्या बरोबर वर असावी, ही एक ओळ परिपत्रकात आली तरी पुष्कळ साधेल.

आता हुक. गाड्यांच्या पुढे बसवलेल्या लोखंडी बुलबारवर कारवाई करायला केंद्राने २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना लिहिलं, ते योग्यच होतं. पण त्या कारवाईत मागचे हुकही ओढले जातात आणि तिथे दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होते. बंपर वाचावा म्हणून दोन बोल्टवर लावलेला चकचकीत हुक काढूनच टाकावा. ट्रेलर ओढायचा टो-बार मात्र चासीच्या दोन्ही रेल्सना, गाडी बनवणाऱ्याने दिलेल्या छिद्रांतच बसतो. त्याचा गोळा ५० मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्याची ताकद किलोन्यूटनमध्ये मोजतात. सूत्र असं: गाडी आणि ट्रेलर यांच्या भारित वजनांचा टनांमधला गुणाकार, भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले ९.८१. गाडी २.२ टन आणि ट्रेलर ०.७५ टन असेल तर उत्तर साधारण साडेपाच किलोन्यूटन येतं. टो-बारवर कोरलेला आकडा याहून मोठा हवा, बस्स. ही चाचणी घ्यायला दूर जावं लागत नाही. वाहनांची चाचणी घेणाऱ्या दोन्ही संस्था इथेच आहेत: १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय कोथरूडच्या टेकडीवर आणि सीआयआरटी भोसरीत. नमुना एकदा प्रमाणित झाला की तो टो-बार आरसी बुकावर चढवण्याची सोय द्यावी, म्हणजे कलम ५२ खालच्या ‘बेकायदा बदल’ या शंकेला जागा राहणार नाही. गाड्यांच्या कंपन्यांनाही सांगायला हवं. अनेक एसयूव्हींच्या भारतीय पुस्तिकेत ओढता येणाऱ्या वजनाचा आकडाच सापडत नाही. आकडा नसेल तोवर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून जड ट्रेलर नवख्याने जोडू नये, हा ब्रिटनमधला रूढ संकेत इथे पाळावा. बिनब्रेकचा असेल तर आणखी खूप खाली.

ब्रेकसाठी पुण्याचा भूगोलच पुरेसा आहे. शहराबाहेर बहुतेक दिशांना घाट लागतोच: बोरघाट, ताम्हिणी, दिवे घाट, खंबाटकी, भोरकडून खाली उतरणारा वरंध. १,५०० किलोंच्या गाडीमागे ७५० किलोंचा बिनब्रेकचा ट्रेलर असेल, तर गाडीच्या चार ब्रेकना दीडपट उष्णता झेलावी लागते. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अवजड गाड्यांचं काय करतो हे आपल्या खात्याला नव्याने सांगायला नको. युरोपात ७५० किलोंवर ब्रेक सक्तीचे आहेत. इथे घाट पाहता ५०० किलोंपासूनच सक्ती करावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

लहान ट्रेलरवर ओव्हररन ब्रेक चालतो. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे सरकतो, त्या दाबाने दांडीतला दट्ट्या आत जातो आणि केबल ओढून ड्रम आवळले जातात. यंत्रणा साधी आहे, पण तिची एक खोड माहीत हवी. लांब उतारावर गाडी इंजिनाने रोखलेली असते, तेव्हा ट्रेलर सतत पुढे ढकलत राहतो आणि त्याचे ड्रम अखंड घासत तापतात. जळका वास येईपर्यंत वाट पाहू नये. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावं, वेग चाळीसच्या आत ठेवावा, आणि घाट लांबला तर मोकळ्या जागी थांबून ड्रम निवू द्यावेत. पाणी ओतू नये, ड्रमला तडा जातो. याखेरीज जोड निसटला तर ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबल, बिनब्रेकच्या ट्रेलरला जोडाखाली फुलीसारख्या बांधलेल्या दोन साखळ्या, आणि पहिल्या ५० किलोमीटरांनंतर टॉर्क रेंचने पुन्हा आवळलेले चाकाचे नट, एवढं हवंच. टायर झिजून बाद होत नाहीत. उभ्या उभ्या पाच-सहा वर्षांत बाजूंना भेगा पडतात, तेव्हा नक्षी नव्हे, निर्मितीचा आठवडा आणि वर्ष बघावं.

दिव्यांचं थोडक्यात. सात पिनांच्या सॉकेटमधली अर्थची वायर ढिली झाली की डावा इंडिकेटर लावल्यावर टेललाइट लुकलुकतात. तक्रारींत हीच सर्वांत जास्त. नव्या गाड्यांत टेललॅम्पच्या वायरला थेट टाका मारू नये, गाडीचा कंट्रोल मॉड्यूल जळू शकतो. ट्रेलरच्या दिव्यांना वेगळी वीज देणारा, रिले असलेला बायपास मॉड्यूल लागतो. (उसाच्या हंगामात मागे एकही दिवा नसलेल्या ट्रॉल्या हायवेवर चालतात, हेही या निमित्ताने आपल्या कानावर घालतो.) गतिरोधकांबद्दल एकच: इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. गल्लीतले अरुंद उंचवटे ट्रेलरचं मागचं टोक आणि टेकूचं चाक दोन्ही घासून काढतात.

टोलनाक्यावरची यंत्रणा अॅक्सल मोजते. कारचे दोन आणि ट्रेलरचा एक मिळून तीन होतात, फास्टॅग मात्र कारचा. मग लेन अडते, मागे हॉर्न सुरू होतात. कारच्या दीडपट घ्या, दुप्पट घ्या, पण दर लिहून द्या आणि राज्याच्या रस्त्यांपुरता तरी तो नाक्यावर लावा.

मुक्कामाची बाजू पर्यटन खात्याची असली तरी दोन खात्यांनी एकत्र बसल्याशिवाय ती सुटणार नाही. कार्ला, पानशेत, माळशेज, महाबळेश्वर इथे एमटीडीसीची निवासं आहेत. तिथे ट्रेलरसाठी मोठं पार्क उभारायची गरज नाही. प्रत्येक ठिकाणी चार जागा, सपाट आणि मुरमाच्या, कारण ट्रेलर कलता राहिला तर गॅसवर चालणारा फ्रिज थंडच होत नाही. प्रत्येक जागेला १६ अँपिअरचा पॉइंट, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि मोजून घेतलेलं अर्थिंग. व्हरांड्यातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवरून गुंडाळलेल्या वायरने एसी चालवला की गुंडाळी आतून वितळते. २५ मीटरची, २.५ चौरस मिलिमीटरची तीन कोअरची केबल पूर्ण उलगडून वापरायची असते. अर्थिंग नसेल तर धातूच्या दाराला हात लावल्यावर मुंग्या येतात, आणि पावसात त्या मुंग्यांवर थांबत नाही.

सर्वांत निकडीचा विषय मैलापाण्याचा. ट्रेलरमधल्या शौचालयाची पेटी १७-१८ लिटरची असते. चार माणसांत ती दोन दिवसांत भरते. ती कुठे रिकामी करायची याची सोय नसेल तर ती झाडीत रिकामी होते. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला हे पुण्याच्या पिण्याच्या पाण्याचे साठे आहेत आणि शनिवार-रविवारची सगळी गर्दी त्यांच्याच काठावर असते. लागतं काय? एक बाय एक मीटरचा उताराचा काँक्रीट ओटा, मध्ये झाकणाचं तोंड, त्यातून सेप्टिक टँकला पाइप आणि पेटी धुवायला वेगळा नळ, ज्यावर ‘पिण्याचे पाणी नाही’ असं लिहिलेलं असेल. फॉर्माल्डिहाइडची रसायनं मात्र तिथे बंद ठेवावीत, ती टाकीतले जिवाणू मारतात. मोरीचं सांडपाणीही बादलीत धरून तिथेच सोडावं.

गॅसबाबत एक नियम पुरे: सिलिंडर ५ किलोंचा, बाहेरून उघडणाऱ्या आणि राहत्या जागेपासून बंद असलेल्या कप्प्यात, आणि कप्प्याच्या तळाला भोक. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळती झाली तर ती खालीच साचते. पलंगाखाली सिलिंडर ठेवलेला ट्रेलर तपासणीत नापास करावा, दुसरं काही न बघता.

हलक्या वाहनाच्या परवान्यावर कारमागे टी-१ ट्रेलर ओढता येतो, हे परिपत्रकात स्पष्ट लिहावं. शिकवण्याची सोय मात्र कुठेच नाही. नाशिक फाट्याच्या आयडीटीआर या वाहनचालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर महिन्यातून एक दिवस ऐच्छिक प्रशिक्षण ठेवता येईल. त्यात जोडणे-सोडणे, जोडावरचा भार मोजणे आणि रिव्हर्स एवढंच असावं. रिव्हर्समध्ये स्टिअरिंगचा खालचा भाग धरून ज्या बाजूला ट्रेलर न्यायचा त्या बाजूला हात हलवायचा आणि दुमडायला लागला की लगेच पुढे घेऊन सरळ करायचं, हे एका सकाळीत जमतं.

परिपत्रकाचा मसुदा तयार करताना एआरएआय, सीआयआरटी आणि प्रत्यक्ष बांधणी करणारे फॅब्रिकेटर यांना एकाच टेबलावर बोलवावं. काटा आणि भरलेला ट्रेलर आम्ही घेऊन येऊ.

आपले,
पुणे परिसरातील काही ट्रेलरमालक आणि बांधणी करणारे

प्रत माहितीसाठी: परिवहन आयुक्त, पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र राज्य