श्रीलंकेतल्या एल्लाच्या टुकटुकवाल्या अय्यांना (म्हणजे दादांना)

अय्या, आयुबोवन!

तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीय मला, आणि माझी सिंहली म्हणाल तर पंधराएक शब्द, त्यातले दहा नुसते आकडे. तरी मराठीतच लिहितेय, कारण त्या दिवशी बदुल्ला स्टेशनवर मी जे "इस्तुती इस्तुती" (धन्यवाद, धन्यवाद) करत सुटले होते त्याने माझं काही समाधान झालेलं नाही. कुणीतरी वाचून दाखवेल तुम्हाला. एल्लाला मराठी माणूस दर तासाला एक तरी उतरतोच, 2024 च्या फेब्रुवारीत आम्ही आलो तेव्हा तर आपल्या लोकांना व्हिसाही फुकट होता, सगळ्या डब्यात "अगं इकडे बघ, चहाचे मळे!" हेच चालू होतं.

आधी कबुली. एल्ला स्टेशनाबाहेर तुम्ही "टुकटुक?" विचारलंत तेव्हा मी तुमच्याकडे न बघताच "नो नो" केलं होतं. कँडीपासून सहा-सात तास प्रवास, त्यातला निम्मा दारात लटकून, डोळ्यात धूळ, आणि आठ दिवस जो भेटेल तो टुकटुक विचारतोय, त्यामुळे तोंडातून आपोआपच निघायचं ते. दहा मिनिटांनी त्याच माणसाकडे पळत यावं लागेल हे तेव्हा कुठे माहीत होतं.

नवऱ्याच्या गळ्यात कॅमेरा होता, दोन्ही सॅका उतरवल्या होत्या, आणि कॅमेऱ्याची बॅग वर रॅकवर तशीच राहिली. त्यात टेली लेन्स, जिचे सात हप्ते अजून बाकी होते. पण लेन्स एक वेळ परत घेता येते हो, कार्डं होती ना त्यात! अनुराधपुर, सिगिरिया, पोलोन्नरुव, सगळे आठ दिवस. पोलोन्नरुवच्या गल विहारात त्या झोपलेल्या बुद्धाच्या पायाशी ऊन कधी येतंय म्हणून आम्ही दोन तास बसलो होतो, मी तर कंटाळून मुंग्या मोजायला लागले होते. नवरा फुटपाथवर सॅक उघडून परत परत तेच तेच चाचपत होता, चेहरा पांढराफटक. आणि तुम्ही, ज्यांना मी नो नो करून झटकलं होतं, तुम्हीच विचारलंत, "काय हरवलं?"

मग पहिल्याच मिनिटाला तो प्रकार. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "नंगी, डोंट क्राय." अय्या, खरं सांगते, मी रडायची थांबले ती धक्क्यानेच! नवरा बॅग विसरून तुमच्याकडे बघायला लागला. नंगी म्हणजे धाकटी बहीण आणि मल्ली म्हणजे धाकटा भाऊ, हे आम्हाला अर्ध्या रस्त्यात कळलं. आणि आमच्याकडे त्या शब्दाचा अर्थ काय हे मी तुम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही, आता सांगणाऱ्याने हा भाग गाळला तरी चालेल.

स्टेशन मास्तर पहिल्यांदा काय विचारणार तर डबा कुठला, सीट कुठली. आणि तिकिटं तर बाहेर पडताना गेटवर जमा करून घेतलेली! नवऱ्याला काही आठवेना, निळा डबा होता म्हणाला, अहो सगळी गाडीच निळी होती. तेव्हा मी मोबाईल काढला. मला सवय आहे, तिकीट, हॉटेलचं बिल, ताटात काय आलं, सगळ्याचे फोटो काढायची. नवरा त्यावरून मला कायम चिडवतो, म्हणतो मी फोटोग्राफी करतो आणि तू पावत्या गोळा करतेस. तर त्या पावतीवर डबा होता आणि सीट 7 आणि 8. तुम्ही फोन बघून मास्तरांना वाचून दाखवलंत आणि त्या सगळ्या सिंहलीत मला दोनच शब्द कळले, "हत" आणि "अट". सात, आठ! त्या दोन शब्दांनी मला किती धीर आला काय सांगू. मास्तरांनी फोन लावला पुढे.

तिथून पुढे तुमची रिक्षा, गाडीच्या मागे बदुल्लाला. पाऊस सुरू झालेला, बाजूचे पडदे फडफडतायत, वळणं तर आपल्या आंबा घाटाला लाजवतील अशी, आणि तुम्ही एक हात हँडलवरून काढून हवेत गोल काढत आम्हाला समजावताय की घाबरू नका, गाडी देमोदरला स्टेशन सोडून डोंगराला अख्खा वळसा घालते आणि त्याच स्टेशनच्या पोटातल्या बोगद्यातून खाली निघते, आपण सरळ जाणार. मी मनात, अय्या हात हँडलवर ठेवा, इंजिनियरिंग नंतर! पण दुसरं जे म्हणालात त्याने खरंच बरं वाटलं, की गाडी बदुल्लाच्या पुढे जाऊच शकत नाही. 1924 ला रूळ तिथपर्यंत आले आणि तिथेच संपले. बॅग जाऊन जाऊन जाणार कुठे.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी रिकामी उभी होती आणि बॅग ऑफिसात टेबलावर. क्लार्कसाहेब मात्र कडक, आत काय काय आहे ते आधी सांगा. नवऱ्याने लेन्सचा नंबर, कार्डं, ब्लोअर, झालंच तर सिलिका जेलच्या पुड्या (एसी खोलीतून बाहेर आलं की काच धुक्यासारखी व्हायची, म्हणून ठेवलेल्या) सगळं सांगितलं. मी म्हटलं पुढच्या कप्प्यात शेंगदाण्याची चिक्की, लोणावळ्याची. त्यांनी सगळ्यात आधी तो कप्पा उघडला. चिक्की निघाली, एक तुकडा त्यांनी मोडला, एक तुम्हाला दिला, आणि मग रजिस्टर पुढे सरकवलं. लेन्स कुणी बघितलीच नाही.

पैशांचं तर मी लिहिणारच. नवऱ्याने ठरल्याच्या तिप्पट काढून पुढे केले तर तुम्ही नोटा मोजल्या, भाड्याच्या ठेवल्या आणि बाकीच्या त्याच्या खिशात परत कोंबल्या. "हायर म्हणजे हायर", भाडं म्हणजे भाडं, एवढंच म्हणालात. वर येताना टपरीवर थांबवून काळा चहा आणि कितुलच्या गुळाचा खडा, चावून मग घोट घ्यायचा, तेही तुमच्याकडून. कितुलचं झाड दाखवलंत तेव्हा मी ओरडलेच, हा तर आमच्या कोकणातला भेरली माड! आमच्याकडे त्याचा असा गूळ मी तरी कधी खाल्ला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे नऊ कमानींच्या पुलावर नेलंत, रुळावर पाठ करून सेल्फी काढणाऱ्यांना हाकललंत, नवऱ्याला मळ्यातल्या एका दगडावर उभं केलंत आणि म्हणालात आता हलू नको. फोटो छान आलाय. त्यावर जास्त बोलत नाही, तसा फोटो सगळ्यांकडे असतो.

पण अय्या, घरी येऊन बघितलं तर दोन हजार आठशे फोटोंत तुमचा एकही नीट नाही. म्हणजे आम्ही ज्यांच्यामुळे हे सगळे फोटो बघतोय त्यांचाच नाही! आहे तो एकच, माझ्या मोबाईलवरचा, त्या पावसातला, हललेला. तुमची मान, अर्धा कान, आरशात एक डोळा, आणि हवेत गोल काढणारा हात. नवरा पहिल्यांदाच माझ्या फोटोला काही बोलला नाही, स्वतः जाऊन आठ बाय बाराची प्रिंट काढून आणली.

ती पाठवतेय, चहाच्या टपरीच्या पत्त्यावर. सोबत चिक्कीची चार पाकिटं आहेत. तीन तुमची, एक बदुल्लाला क्लार्कसाहेबांना द्या, आणि सही घेऊ नका म्हणावं.

तुमचीच,
धाकटी बहीण (तो शब्द मी लिहीत नाही) आणि मल्ली